आहेराचा पंखा

कुणाच्या लग्नात माईकवरून आहेर पुकारायला लागले की मी अजूनही उठून मांडवाबाहेर जातो. लोकांना वाटतं बिडी प्यायला गेला. मी बिडी पीत नाही. मला ते ऐकायचं नसतं, एवढंच.

त्याचं कारण म्हणजे महालातल्या एका खोलीचं डिपॉझिट. आम्ही तिघं तिथं राहायचो. मी लकडगंजात लाकडाच्या टालीवर कारकून होतो. दुसरा एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता आणि तिसरा कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना थान उलगडून दाखवायचा. घरमालकाचा बिनलग्नाच्या पोरांवर काडीचा भरवसा नव्हता. "तुम्ही पोट्टे, आज आहे न् उद्या नाई," असं म्हणून त्यानं आमच्याकडून चांगलं दणदणीत डिपॉझिट घेतलं होतं. माझा वाटा माझ्या दीड पगाराएवढा होता. तो भरताना मी चहा सोडला, सायकल विकली आणि लकडगंज ते महाल पायी जायला लागलो. ठरलं असं होतं की ज्याला खोली सोडायची त्यानं सोडावी, त्याच्या जागी नवा गडी आला की नव्याचे पैसे जुन्याला मिळावेत. साधा सरळ हिशोब. त्यात भांडण व्हावं असं काहीच नव्हतं.

खोलीत स्वयंपाक मी करायचो. हौस नव्हती, पण त्या दोघांच्या हातचं कुत्र्यानंही खाल्लं नसतं. कंपाउंडर तर औषधाचं माप घेतल्यासारखं मीठ टाकायचा आणि तरी चुकायचा. माझ्या हातचा झुणका आणि पातोडीची भाजी खाऊन दोघं गुटगुटीत झाले होते. आमचं बरं चाललं होतं. मी त्यांना भाऊ समजत होतो. मूर्ख होतो मी, दुसरं काय!

मग गावी, खाप्याला, आईनं माझं लग्न घाईघाईत ठरवलं. मुलीकडच्यांना उन्हाळ्याच्या आतच पाहिजे होतं. मी खोलीवर येऊन सांगितलं तेव्हा कापडवाला हसला, म्हणाला, "चला, एक गेला कामातून." कंपाउंडर मात्र हसला नाही. तो ताटावरून उठला, हात धुतले आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या पोटावर पाय देऊन चालला तू. सांगाची पद्धत असते का नाई काही?"

"अबे, लग्न करून राहिलो, पळून नाई चाललो," मी म्हणालो.

"एकच आहे ते," तो म्हणाला.

मला वाटलं रागात बोलला, उतरेल राग. उतरलाच होता, असंच दिसलं. खोली सोडायच्या दिवशी त्यानंच माझी ट्रंक खाली आणून रिक्षात ठेवली. मी त्याला म्हणालो, नवा गडी आला आणि मालकानं पैसे दिले की तुझ्याकडे ठेव, लग्न झालं की मी येऊन घेतो. "फिकर नोको करू," तो म्हणाला. मालकालाही मी तसंच सांगून आलो.

ते पैसे मला कशाला पाहिजे होते ते आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझा पगार आईच्या हातात जायचा. बाप गेल्यापासून तसंच होतं. शिल्लक म्हणून माझ्या नावावर या जगात जे काही होतं ते म्हणजे ते डिपॉझिट. त्या पैशावर मी लकडगंजात टालीच्या मागं एक खोली बघून ठेवली होती. डिपॉझिट भरलं की खोली माझी आणि बायकोला घेऊन यायचं. आईच्या हाताखाली कोणतीही सून नांदणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. थोरली वहिनी कशी वाळून काडी झाली ते मी डोळ्यानं पाहिलं होतं. म्हणून लग्नाच्या आधीच, सुपारीच्या दिवशी, मी होणाऱ्या बायकोला वहिनीच्या हाती निरोप दिला होता की महिनाभर सोस, मग मी तुला नागपूरला नेतो.

लग्नाला दोघं मित्र आले. आमच्याकडे जेवणावळ उठली की आहेर पुकारायची पद्धत. मामा माईकवर बसतो आणि जो जे देईल ते नावानिशी ओरडून सांगतो. कुणाचं ताट, कुणाचा लोटा, कुणाचं लुगडं. आणि एकदम मामा ओरडला, "नवरदेवाच्या नागपूरच्या दोस्तांकडून एक टेबलपंखा!" मांडवात गलका झाला. आमच्या गल्लीत कुणाच्या लग्नात पंखा आला नव्हता. हिरवा होता, चकचकीत, पितळी पात्यांचा. आईनं पदर डोळ्याला लावला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. कंपाउंडरच्या गळ्यात पडून रडलो. त्यानं माझी पाठ थोपटली. कापडवाला बाजूला तोंडावर रुमाल धरून उभा होता. तोही रडतोय असं मला वाटलं. हसत होता मेला!

लग्नानंतर कामावर रुजू झालो आणि आधी महालात घरमालकाकडे गेलो. तो ओट्यावर बसून पान लावत होता.

"कोणते पैसे?" तो म्हणाला. "ते तं कवाच नेले. कंपाउंडर आला होता ना. म्हणे लग्नाच्या कामासाठी लागून राहिले, नवरदेवानंच पाठवलं. म्या एक पैसा कापला नाई गा. शुभकार्य होतं म्हणून."

मी वर जायला निघालो आणि जिन्यावर मध्येच उभा राहिलो. कुठल्या लग्नाच्या कामासाठी? आणि मग लख्ख उजेड पडला. पंखा! माझ्याच पैशाचा पंखा घेऊन त्यांनी मला आहेर केला होता, माझ्याच मांडवात, माझ्याच मामाच्या तोंडून. आणि मी त्याच्या गळ्यात पडून रडलो होतो.

वर गेलो तेव्हा दोघं जेवायला बसले होते. हॉटेलातून आणलेली भाजी होती. मी शिव्या घातल्या, जेवढ्या येत होत्या तेवढ्या. कंपाउंडर शांतपणे जेवत राहिला. मग म्हणाला, "काहून ओरडून राहिला? पैसे खाल्ले का आमी तुहे? घरी जाय, पाहाय. पंखा बनून भेटले ना तुले."

कापडवाल्याला हसता हसता ठसका लागला.

"पंखा मागितला होता का मी?"

"आमी तरी कुठं मागितलं होतं, की तू जाय म्हणून?" तो म्हणाला. "आता हे भाजी खाय थोडी. खाय. आमी रोज हेच खाऊन राहिलो."

मी त्याच्या गळपट्टीला हात घातला. त्यानं तो सोडवलाही नाही. हळूच म्हणाला, "जाय मंग, सांग तुह्या मायले की तो आहेर नव्हता म्हणून. सगळ्या खाप्यात सांग."

तिथंच तर त्यानं मला बरोबर धरलं होतं. आईचा तो पंखा अख्ख्या खाप्याला दाखवून झाला होता. आमच्या घरात वीज नव्हती. मोठ्या रस्त्यावर खांब आले होते, पण आमच्या घरात कंदीलच होता. तरी पंखा समोरच्या खोलीत ट्रंकेवर ठेवलेला, वर विणलेला रुमाल झाकलेला. कुणी आलं की आई रुमाल काढायची. "पोराच्या दोस्तांनी देल्ला. असे दोस्त भेटाले नशीब लागते." माणूस बघायचा, पातं बोटानं फिरवायचा, आणि आई पुन्हा रुमाल घालायची. पंखा विकू म्हटलं तर आई उसळली, "आहेराची वस्तू विकते का कोणी? भिकारी आहे का आपण?"

तो पंखा रोज पुसायचं काम माझ्या बायकोकडे होतं. आणि बाकीचंही सगळं. पहाटे उठून कन्हान नदीवरून पाणी, मग शेण, मग रांधणं, मग शेत. जेवायला सगळ्यांत शेवटी, उरलं तर. आईला तिचं उभं राहणं आवडत नव्हतं आणि बसणंही आवडत नव्हतं. एकदा भावाच्या पोरांनी पंख्याच्या जाळीत काठी घातली आणि जाळी चेपली. आईनं पोरांना काही म्हटलं नाही. बायकोच्या तोंडात मारली. चांगली ओठ फुटेपर्यंत. दर रविवारी मी खाप्याला जायचो तेव्हा ती मला काही सांगायची नाही, वहिनी सांगायची. ओठाचंही वहिनीनंच सांगितलं.

तिनं तिच्या बापाकडे निरोप पाठवला होता. आमच्याकडे यायची ती कासारीण तिच्या माहेरच्या गावालाही जायची, तिच्या हाती. बापाचा उलट निरोप आला, "जुळवून घे म्हणा. आमच्या दारात असं रडत येणारी पोरगी नाही." तो आला नाही. एकदाही नाही.

ओठाचं कळलं त्याच रविवारी मी तिला घाटावर गाठलं आणि डिपॉझिटचं सगळं सांगितलं. तोवर मी काहीबाही थापा मारत होतो, खोली मिळते, आज मिळते, उद्या मिळते. ती धुणं आपटत ऐकत होती. मग थांबली.

"म्हणजे मी रोज आपल्या खोलीलेच पुसून राहिली?" ती म्हणाली.

आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही. फुटलेल्या ओठानं हसत होती बिचारी, ओठातून पुन्हा रक्त आलं.

असं करत करत वर्ष गेलं. पगारातून काही बाजूला काढावं तर आई हिशोब घ्यायची आणि शेतावर, औषधावर, भावाच्या पोरांवर जायचे ते जायचेच. महिनाभर सोस म्हटलं होतं मी तिला. पुढच्या उन्हाळ्यात कंपाउंडरच्या लग्नाची पत्रिका आली, चक्क पोस्टानं, हळद लावून. मुलगी खापरखेड्याची. तिचा बाप तिथल्या वीज कारखान्यात कामाला, लग्न कॉलनीच्या मैदानात. मी पत्रिका फाडणारच होतो, पण आईनं हिसकावून घेतली.

"पंखा देल्ला त्यानं तुले," आई म्हणाली. "त्याच्या तोलाचं द्या लागन. ताट-लोटा नेशील तं माहय नाक कापशील."

आमच्याकडे हे असंच आहे. आलेला आहेर फिरवावा लागतो, आणि आला त्याहून हलका फिरवून चालत नाही. लोक विसरत नाहीत. म्हणजे ज्यानं मला बुडवलं त्यालाच मी आता पंख्याच्या किमतीचं काहीतरी द्यायचं! आणि पुढं कापडवाल्याचं लग्न व्हायचं होतंच. मला वेड लागायची पाळी आली. पैसे कुठून आणू म्हटलं तर आईनं माझ्या बायकोच्या पायाकडे बोट दाखवलं. तिच्या पायात माहेरचे चांदीचे तोडे होते. तेवढंच तिचं स्वतःचं होतं.

"ते मोड," आई म्हणाली. "बाईच्या पायात काय करायचे आहे? लोकात नवऱ्याची मान राहिली पायजे."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी बायको बोलली. वर्षभरात आईसमोर ती पहिल्यांदा एवढं बोलली असेल. "हाव आत्या. नागपुरात मोडून तिथूनच नवीन वस्तू घेऊ. न् हा पंखाही संगं नेतो, जाळी सरळ करून आणतो." आई खूश झाली. गुडघ्यांमुळं तिला यायचं नव्हतं. तिनंच पंख्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं.

बसमध्ये ती पंखा मांडीवर घेऊन बसली. नागपूर आलं, पण ती सोनाराकडे वळली नाही. मी विचारलं, काय करायचं आहे तुझ्या मनात? म्हणाली, "तुम्ही फक्त संगं राहा." मी राहिलो. खरं सांगायचं तर मला कळलं होतं, आणि आतून मला बरं वाटत होतं.

खापरखेड्याचा मांडव काय होता! दिव्यांचा नुसता लखलखाट. लग्न लागलं, वांग्या-आलूची भाजी, पुऱ्या, बुंदी अशी पंगत बसली, आणि माईकवर आहेर सुरू झाले. मुलीचा काका पुकारत होता. आम्ही जेवायला बसलो नव्हतो. बायको डोक्यावरून पदर घेऊन थेट काकाकडे गेली, पंखा समोर ठेवला आणि काहीतरी सांगितलं. तो खूश होऊन ओरडला, "नवरदेवाच्या खाप्याच्या दोस्ताकडून एक टेबलपंखा!" टाळ्या पडल्या. कंपाउंडरनं बोहल्यावरून मान वर केली. पंखा बघितला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मले दोन शब्द बोलायचे आहे," बायको म्हणाली. काकाला वाटलं बाई नाव घेणार, उखाणा. त्यानं हसत हसत माईक तिच्यापुढं धरला.

"हा पंखा आमचाच आहे," ती म्हणाली. आवाज भोंग्यातून सगळ्या कॉलनीत गेला. "नवरदेवानं माह्या नवऱ्याच्या खोलीच्या डिपॉझिटचे पैसे खोटं बोलून उचलले, न् त्याचा पंखा घेऊन आमच्या लग्नात आहेर केला. त्या पैशाच्या पायी मी वर्षभर सासूचा मार खाल्ला. तुमची वस्तू तुम्हाले परत. आमचे पैसे आमाले द्या."

पंगतीत वाढणारा भाजीची बादली घेऊन तसाच उभा. मग सगळे एकदम बोलायला लागले. कंपाउंडर ओरडला, "खोटं आहे हे! मस्करी होती!" बास, तेच त्याचं चुकलं. खोटंही आणि मस्करीही, दोन्ही एकदम कसं असेल? मुलीचा बाप त्याच्याकडे बघत राहिला. कापडवाला मांडवाच्या मागून निघून जाताना मी पाहिला. आणि नवरी, ती कोवळी पोरगी, खाली मान घालून हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती. हळद डोळ्यात जाऊन डोळे लालभडक झाले होते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मुलीच्या बापानं मला मांडवामागं नेलं. माणूस भला होता. त्यानं किती म्हणून विचारलं, मी सांगितलं, त्यानं भावाकडून घेऊन माझ्या हातावर ठेवले. "घ्या न् निघा," तो म्हणाला. "जेवाले थांबू नका." आम्ही बुंदीच्या वासातून उपाशी चालत बसपर्यंत गेलो. बायको मागं वळून बघत नव्हती. पायातले तोडे वाजत होते.

खोली मिळाली. टालीच्या मागं, पत्र्याची, दिवसभर करवतीचा आवाज आणि सगळ्या भांड्यांवर लाकडाचा भुसा. आईनं निरोप पाठवला की खाप्यात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, आता येऊ नका. बायकोनं तो निरोप ऐकला आणि खूप दिवसांनी पोटभर जेवली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाण्याचा माठही कोमट व्हायचा. पण ती तक्रार करायची नाही. घोंगडं ओलं करून दारात टांगायची आणि त्याखाली बसून तांदूळ निवडायची.

कंपाउंडरचं काय झालं ते मला टालीवर उडत उडत कळत होतं. त्यानं बायकोला नागपूरला आणलंच नाही. काटोलकडे त्याचं गाव, तिथं आईजवळ ठेवली. म्हणायचा, हिच्या बापानं भर मांडवात पैसे मोजले म्हणजे मला चोर ठरवलं. आता भोगू दे. स्वतः मात्र महालात त्याच खोलीत राहायचा. आणि पंखा त्याच्या उशाशी सुरू असायचा.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मुलीचा बाप आमच्या दारात उभा राहिला. मी आधी ओळखलं नाही, इतका खंगला होता. बायकोनं त्याला गूळपाणी दिलं. तो ओल्या घोंगड्याखाली बसला आणि पेला हातात धरून बोलायला लागला. पोरीचे हात फोडांनी भरले आहेत. पोरगी बोलतच नाही. जावयाच्या पाया पडलो तरी ऐकत नाही. एकच गोष्ट म्हणतो, ज्यांनी लोकात बोललं त्यांनीच येऊन सांगावं की गैरसमज झाला होता, मग नेतो तिला.

"एवढं सांगा बापा," तो मला म्हणाला. "चार लोकांत. पैसे नाई मागत मी. फक्त सांगा की चुकून झालं."

मी बायकोकडे पाहिलं. त्या पोरीचे लाल डोळे मला आठवत होते. मी म्हणालो, "जाऊन येऊ का? बोलून तर टाकायचं आहे."

बायकोनं सूप खाली ठेवलं.

"जा ना," ती म्हणाली. "पण चुकून झालं म्हणाल तं पैसेही चुकून घेतले ना आपण. ते परत नेऊन द्या. मग ही खोलीही चुकूनच झाली. मले खाप्याच्या बसमध्ये बसवून द्या, न् मग जा."

म्हातारा दोघांकडे बघत होता. "बाई," तो तिला म्हणाला, "तू तरी जाणते ते काय असते."

"हाव, जाणते," ती म्हणाली. "म्हणूनच."

तो उठला. पेल्यातलं पाणी तसंच होतं. उन्हात लाकडाच्या थप्प्यांमधून तो रस्त्यापर्यंत जाईस्तोवर मी दारात उभा होतो. त्याला परत बोलवावं असं दोनदा वाटलं. मी हाक मारली नाही. आत आलो तर ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली होती, मान खाली घालून.

"वाईट वाटते गा तिचं," मी म्हणालो.

"काहून?" ती म्हणाली. "तिचा बाप तरी आला."